परातभर फेस

"एवढा श्यांपू आमच्याकडं वर्षालासुद्धा लागत न्हाई बाई," दर्शनाच्या सासूबाई म्हणाल्या आणि माझ्या पुढ्यातली रिकामी बाटली त्यांनी उजेडात धरून पाहिली.

मी त्यांच्या अंगणात लिंबाखाली फतकल मारून बसले होते. समोर घरातली सगळ्यात मोठी परात आणि हातात ताकाची रवी. विजेवरचं यंत्र मी पिशवीत घालून आणलं होतं, पण मी गावात पाऊल ठेवलं आणि वीज गेली. मग सासूबाईंनीच आतून रवी काढून दिली. ती रवी नंतर पुन्हा ताकात जाणार की नाही हा त्यांचा प्रश्न होता, मी तो विचारला नाही.

फेस करायला अक्कल फारशी लागत नाही, दंड लागतात. लहान बाळांचा शाम्पू दोन वाट्या घेतला तर पाणी एकच वाटी, तेही कोमट. त्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर, म्हणजे फेस लवकर बसत नाही. आणि मग घुसळायचं, खांदा बोलायला लागेपर्यंत. परात तिरपी केली तरी फेस जागचा हलला नाही की समजायचं, झाला. पहिल्यांदा मी हा उद्योग कपड्यांच्या साबणाच्या चुऱ्यात केला होता आणि रंगासाठी हळद घातली होती. साबणात हळद लाल होते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पाळणाघरातली सगळी पोरं कुंकवात हात बुडवल्यासारखी घरी गेली आणि संध्याकाळी दोन आया भांडायला आल्या. तेव्हापासून बाळांचाच शाम्पू, आणि रंगाला बीट नाहीतर पालक.

"चहा घ्या, मास्तरीणबाई," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने कप आणून माझ्या शेजारी ठेवला होता. मी जरा चकितच झाले. दर्शनाच्या लग्नापासून मी या बाईंना ओळखत होते आणि त्यांनी मला कधी पाण्याला विचारल्याचं आठवत नव्हतं. वय झालं की माणूस मऊ होतो, असं मनाशी म्हणून मी चहा प्यायले. किती भोळी होते मी.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. दर्शनाचा शंतनू आता कॉलेजात जातो म्हणे. पण त्या चहाची चव माझ्या तोंडातून गेलेली नाही.

दर्शना आणि मी संगमनेरला एका गल्लीत वाढलो, एका बाकावर शिकलो. तिला भाऊ नाही. तिच्या लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळायला कोण, म्हणून घोळ झाला. चुलतभाऊ ऐनवेळी कुठे गायब झाला होता. तेव्हा ही नवरी अंतरपाटाआडून म्हणाली, "हेमांगी पिळेल." आणि मी पिळला. प्रमोदचा कान असा काही पिळला की तो लाल झाला आणि भटजीसुद्धा हसले. तिच्या सासूबाईंना ते अजिबात आवडलं नव्हतं, पण कानपिळीचा मान म्हणून मला टोपीऐवजी खण मिळाला. त्यानंतर दर्शना सगळ्यांना सांगायची, हेमा माझी मैत्रीण पण आहे आणि भाऊ पण. मलाही ते ऐकायला फार बरं वाटायचं.

ती पतसंस्थेत नोकरीला होती. मी घराच्या पुढच्या दोन खोल्यांत पाळणाघर चालवायचे. शंतू जेमतेम चालायला लागला तेव्हापासून माझ्याकडे यायला लागला. गोरा, नाजूक आणि हट्टी. त्याला कशाचाही स्पर्श सहन व्हायचा नाही. वाळू नको, कणीक नको, ओला हात नको, वरणभातसुद्धा चमच्याने, आणि चमच्याला भात चिकटला तर तो चमचा बदलून पाहिजे. अंघोळ म्हणजे रोजची लढाई. डोक्याला हात लावला तर तो असा किंचाळायचा की शेजारची माणसं गॅलरीत येत. ताप नाही, आजार नाही, डॉक्टरांनी तपासून सांगितलं की काही पोरं अशी असतात, त्यांना धीर द्या, दटावू नका.

धीर देणं हे मला जमायचं. पुण्याच्या एका शिबिरात मी स्पर्शाचे खेळ शिकून आले होते. त्यातला फेस मला सगळ्यात आवडला, कारण फेस हाताला लागतो आणि लागतही नाही. परात मध्ये ठेवली की बाकीची पोरं त्यात कोपरापर्यंत बुडायची. शंतू दाराशी उभा राहून बघायचा. मी त्याला कधी बोलावलं नाही. एकच नियम मी त्याच्यासाठी केला होता आणि सगळ्या पोरांकडून पाळून घेतला होता. शंतूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. "लावू का?" असं विचारायचं. तो "नको" म्हणाला तर नको. मी त्याला सांगितलं होतं, "मावशीकडे तुला न विचारता कोणी काही लावणार नाही. मावशी बघून घेईल."

आधी तो चमच्याने फेस उचलायला लागला. मग बोटाच्या टोकाने. कित्येक आठवडे बोटाच्या पुढे गाडी गेली नाही. मग एक दिवस पूर्ण पंजा परातीत, आणि पंजा वर काढून तो त्याच्याकडे असा बघत बसला की जणू हा हात त्याचा आजच उगवला. पावसाळा संपता संपता त्याने स्वतःच्या हाताने फेसाचा गोळा उचलला आणि डोक्यावर ठेवला. हसला. मला म्हणाला, "मावशी, तू लाव." मी विचारलं, "लावू का?" तो म्हणाला, "लाव ना." आणि मी त्याच्या त्या लांबसडक केसांवर फेस थापला, कानामागे थापला, मानेवर थापला. तो डोळे मिटून बसून राहिला.

मी त्याचा व्हिडिओ काढून दर्शनाला पाठवला. तिचा लगेच फोन आला. ती बोलतच नव्हती, नुसती रडत होती. मीही रडले. माझ्या आयुष्यात मी फार मोठं काही केलेलं नाही, पण ते मी केलं होतं, आणि मला त्याचा गर्व होता.

केस लांबसडक का, तर त्याचं जावळ राहिलं होतं. वर्षाचा झाला तेव्हा गावी घाट घातला होता. पण पोर रडून निळं पडलं म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या वर्षी पुन्हा बसवलं, तर त्याने न्हाव्याच्या बोटाचा कडकडून चावा घेतला. त्यानंतर केस वाढतच गेले. दर्शना तो झोपला की हळूच विंचरायची आणि वेणी घालायची. गल्लीतली पोरं त्याला मुलगी म्हणायची. त्याचं त्याला काही नव्हतं, पण दर्शनाला होतं. सासूबाई प्रत्येक सणाला बोलायच्या. देवाचं देणं राहिलंय, म्हणून घरात काही धड होत नाही. सासऱ्यांचा, म्हणजे म्हातारबुवांचा, गुडघा जावळामुळे, म्हैस गाभण राहिली नाही ती जावळामुळे, आणि हे सगळं सुनेला एक पोर आवरत नाही म्हणून. पाचवं सरायच्या आत जावळ निघालं नाही तर पुढे काढायचं नाही, असं त्यांच्यात होतं. दर्शना माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून हे सगळं सांगायची आणि मी म्हणायचे, "म्हातारीला म्हणावं, पोर मोठं होऊ दे, स्वतः जाऊन सलूनमध्ये बसेल." ती हसायची. मला वाटायचं, ती माझ्या बाजूची आहे.

दसरा झाल्यावर ती एकदा शंतूला न्यायला आली, ती माझ्या गळ्यातच पडली. म्हणाली, शंतूचा वाढदिवस यंदा गावी करायचा. नणंदेची पोरं येतील, भावकीतली येतील, आणि तुझा फेसाचा खेळ ठेवू या. तो त्याच्या आजीसमोर हात बुडवून खेळला ना, की निम्मी तोंडं बंद होतील. मला ती कल्पना फार आवडली. मी लगेच हो म्हटलं. जाता जाता ती दारातून वळून म्हणाली, "फेस जरा घट्ट कर हं हेमे. त्याच्या डोक्यावर टिकला पाहिजे. तोच बघायचाय सगळ्यांना."

मी घट्टच केला.

परात तयार झाली तशी पोरं जमली. कोणी आत्याची, कोणी चुलत्याची, दोन शेजारची उघडीनागडी. सुरुवातीला ती लांबून बघत होती. मग एकाने बोट घातलं आणि बाकीची तुटून पडली. फेसाच्या दाढ्या निघाल्या, मिशा निघाल्या, कुत्र्याच्या पिल्लाला फेसाचं जाकीट घातलं गेलं. शंतू माझ्या मांडीला चिकटून उभा होता. नवा कुडता, वेणी उलगडून मोकळे सोडलेले केस. त्याने आधी पोरांची खात्री करून घेतली, मग हळूच परातीशी बसला आणि दोन्ही हात आत घातले. माझा जीव भांड्यात पडला.

"आत्याच्या पोरांना सांग," तो मला म्हणाला, "विचारून लावा." मी सांगितलं. ती पोरं शहाणी होती, त्यांनी ऐकलं. "लावू का?" "लाव." "इथं लावू का?" "नको." असा सगळा व्यवहार सुरू झाला आणि मी कौतुकाने बघत बसले.

माणसं वाढत होती. वाढदिवसाला गावात इतकी माणसं येतात का, असं मला एकदा वाटलं. बायका काठापदराच्या साड्यांत होत्या. ओट्यावर पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ बशीने चहा पीत बसले होते आणि अधूनमधून माझ्या परातीकडे बघत होते. देवघरातून एक ताट आणून कोणीतरी पायरीवर ठेवलं, त्यावर खणाचा तुकडा झाकलेला होता. ओवाळायचं असेल, मी म्हटलं. दर्शना सारखी आतबाहेर करत होती. माझ्या जवळून गेली तरी माझ्याकडे बघत नव्हती. कामाची घाई, असं मी तेही समजून घेतलं.

मग तिने पाट आणला. लिंबाखाली मांडला, पाय लावून जरा फिरवला आणि म्हणाली, "हेमे, शंतूला मांडीवर घेऊन बस. फोटो काढू. असं इकडे तोंड करून बस, उजेड चांगला आहे."

मी पाटावर बसले. शंतू फेसाच्या हातांनीच माझ्या मांडीवर येऊन बसला. त्याची पाठ माझ्या पोटाला टेकली. प्रमोद मोबाईल धरून समोर उभा होता.

"डोक्याला लाव ना त्याच्या," दर्शना म्हणाली. "त्या व्हिडिओत लावला होतास तसा. भरपूर."

मी ओंजळभर फेस घेतला आणि विचारलं, "लावू का?"

"लाव," शंतू म्हणाला. "कानामागं पण."

मी लावला. सगळे केस भिजेपर्यंत लावला. डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्याने डोळे घट्ट मिटले आणि मान मागे माझ्या छातीवर टाकली. बायका एकदम गप्प झाल्या. कोणीतरी ताटावरचा खण काढला, त्याचा आवाज होत नाही, पण मला तो हलताना दिसला. पांढऱ्या टोपीतले गृहस्थ माझ्या उजव्या खांद्यामागे आले होते. मला वाटलं, तेही फोटोत येतायत.

पहिली बट कापली गेली ती कात्रीने. ती शंतूच्या आत्याने पदरात झेलली. मला काय होतंय ते कळायच्या आत वस्तरा त्याच्या कपाळापासून मागे एक पट्टा ओढून गेला होता.

"थांबा," मी म्हणाले. "थांबा, हे काय करताय?"

"ताई, आता सोडू नका," न्हावी शांतपणे म्हणाले. "वस्तरा डोक्यावर हाय. हललं तर लागंल लेकराला. गच्च धरा."

शंतूने डोळे उघडले. तो किंचाळला नाही. किंचाळला असता तर बरं झालं असतं. तो एकदम लाकडासारखा ताठ झाला आणि मग त्याने मान फिरवायला सुरुवात केली, वस्तऱ्याकडेच. मी काय करणार होते? मी त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. कपाळ एका तळव्यात, हनुवटी दुसऱ्यात. दंडांनी त्याचे हात दाबून धरले. माझ्या अंगात होतं नव्हतं ते सगळं बळ लावून मी त्याला धरलं, कारण त्याच्या कातडीपासून केसभर अंतरावर लोखंड फिरत होतं आणि मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

"मावशी, त्यांना नको सांग," शंतू म्हणाला. अगदी हळू म्हणाला. "मावशी, सांग ना."

मी सांगितलं. मी दर्शनाकडे बघून ओरडले, थांबव म्हणाले. ती दोन हातांवर होती. तिने मान खाली घातली. सासूबाई म्हणाल्या, "अर्धं झालंय, आता थांबत्यात व्हय? अर्धं डोकं ठेवायचं का पोराचं?" आणि न्हावी आपल्या कामात होते. त्यांचा दोष नव्हता, त्यांचा हात फार हलका होता. ते कौतुकानेच म्हणाले, "फेस झकास जमलाय. लोण्यातून चालल्यासारखा चाललाय वस्तरा."

बाकी पोरं परातीशी तशीच हात घालून उभी होती. त्यांनाही खेळ कळेनासा झाला होता.

शंतूने आणखी दोनदा मला सांग म्हटलं. मग म्हणायचं सोडून दिलं. त्याचं अंग हळूहळू सैल पडलं, तेव्हा मला वाटलं तो रडेल. तो रडला नाही. त्याने फक्त माझ्या हातावरचं स्वतःचं बोट काढून घेतलं आणि मुठीत लपवलं.

सगळं झालं तेव्हा त्याचं डोकं पांढरंफटक, वाटोळं आणि लहानसं दिसत होतं. कुठे एक ओरखडा नव्हता. आत्याने ऊन पाणी घातलं, हळद लावली. बायकांनी ओवाळलं. कोणीतरी पेढे वाटायला लागलं. घरभर एकदम सण झाला. म्हातारबुवा काठी टेकत आले आणि नातवाच्या डोक्याकडे बघून खरोखर रडले. या घराच्या उरावरचा केवढा धोंडा उतरला होता, ते मला दिसत होतं. पण तो माझ्या हातांनी उतरवला होता आणि मला न विचारता.

मी पाटावरून उठले, तर सासूबाई समोर ताट घेऊन उभ्या. त्यात मोरपंखी साडी, नारळ, हळदीकुंकू. "बसा, मास्तरीणबाई, ओटी भरते," त्या म्हणाल्या. "मामाच्या मांडीवर काढायचं असतंय जावळ. आमच्या सुनंला भाऊ न्हाई. दर्शना म्हणली, हेमांगीच बसंल. मामाचा मान तुमचा."

साडीला फॉल लावलेला होता. पिको केलेला होता. साडी विकत घेऊन, फॉल लावायला टाकून, पुन्हा जाऊन आणलेली होती. म्हणजे कधीपासून हे ठरलेलं होतं? ती माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून म्हातारीची गाऱ्हाणी सांगत होती, तेव्हा साडी शिंप्याकडे होती का? अंगणातल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. चहा पाजणाऱ्या सासूला, पेढेवाल्याला, आत्याला, टोपीवाल्यांना. त्यांना बोलावणंच जावळाचं गेलं होतं. वाढदिवसाचं बोलावणं फक्त मला आणि शंतूला होतं.

मी ओटी घेतली नाही. सासूबाईंच्या कपाळावर आठी आली आणि त्या ताट घेऊन आत गेल्या. जुनी सासूबाई परत आली होती, ती निदान मला ओळखीची होती.

मी दर्शनाला मोरीपाशी गाठलं. ती परात विसळत होती. उरलेला फेस तिने मोरीत ओतला होता आणि तो जाता जात नव्हता.

"तू मला फसवलंस," मी म्हणाले.

तिने परात पालथी घातली. मग म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नसते आले."

"मग?" ती म्हणाली. तिने पदराला हात पुसले. "हेमे, तुला माहीत नाही मी काय काय ऐकलंय. तुझं बरंय. तू तुझे खेळ खेळ. मला या घरात राहायचंय. आणि लागलं का त्याला कुठे? इतकी वर्षं जे झालं नाही ते तुझ्यामुळे झालं. दुसऱ्या कोणाच्या मांडीवर तो बसलाच नसता."

"म्हणूनच म्हणतेय," मी म्हणाले. "तो कोणाच्या मांडीवर बसतो ते तुला माहीत होतं. तेवढं एकच होतं माझ्याकडे त्याचं. ते तू वापरलंस."

"मान दिला मी तुला. भावाचा मान दिला," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं पाणी होतं, हे मी आजही कबूल करते. तिला खरंच वाटत होतं की तिने मला काहीतरी दिलं आहे. त्यामुळे माझा राग आणखी वाढला, कारण तो कुठे टेकवायचा हेच मला कळेना.

तेवढ्यात अंगणातून शंतूचा आवाज आला. त्याला रडू आता फुटलं होतं. सगळं उरकल्यावर, पेढे वाटून झाल्यावर, हात डोक्यावर गेल्यावर. तो पायरीवर उभा होता, एक हात गुळगुळीत डोक्यावर, आणि मोठ्याने रडत होता. आत्या उचलायला गेली तर तिला लाथ. बापाला लाथ. आजी पेढा घेऊन गेली, तो त्याने फेकला.

दर्शना धावली. मीही धावले, पण ती आई होती, ती पुढे. तिने त्याला उचललं आणि छातीशी धरलं. तो तिला लाथ मारीना. तो तिच्या मानेला मिठी मारून रडायला लागला.

"काय झालं माझ्या सोन्याला?" ती त्याला झुलवत म्हणाली. "कोणी केलं माझ्या बाळाला असं? कोणी केस काढले?"

आपल्याकडे पोर उंबऱ्याला अडखळून पडलं की आई उंबऱ्याला चापट मारते. खुर्ची लागली तर खुर्चीला मारते. पोर हसतं, दुखणं विसरतं. मी स्वतः पाळणाघरात किती टेबलांना आणि भिंतींना मारलं असेल. दर्शनाने इकडेतिकडे पाहिलं. न्हावी निघून गेले होते. सासूबाई पायरीवर होत्या, नवरा समोर होता. त्यांचं नाव घेणं शक्यच नव्हतं. मग तिची नजर माझ्यावर आली.

"मावशीनं केलं का?" ती म्हणाली. "हो? मावशी वाईट आहे का? थांब हं, आपण मावशीला मारू. हात् गं मावशी."

बायका हसल्या. मऊ, सवयीचं हसणं. तिने शंतूला माझ्याजवळ आणलं आणि हळूच मला म्हणाली, "हात पुढे कर ना गं. गप्प होईल तो."

"दर्शना, त्याला खरं सांग," मी म्हणाले.

"काय खरं? एवढंसं पोर आहे. उद्या विसरेल."

"उद्याचं जाऊ दे. आत्ता सांग. तू बोलावलंस त्यांना, मला माहीत नव्हतं, एवढं सांग."

तिने ओठ आवळले. एक क्षण मला वाटलं ती सांगेल. गल्लीतली, बाकावरची, अंतरपाटाआडून माझं नाव घेणारी दर्शना मला तिच्या चेहऱ्यावर दिसली. मग तिने शंतूची मूठ धरली आणि माझ्या दंडाला लावली. "मार," ती म्हणाली. "मार मावशीला."

शंतूने मारलं नाही. त्याचं रडणं थांबत आलं होतं. हुंदका देत तो माझ्याकडे बघत राहिला, नीट, सावकाश, परातीत नवा रंग घातला की बघायचा तसं. माझ्या हातांवर अजून फेस वाळत होता. मी म्हणाले, "शंतू, मावशीला माहीत नव्हतं रे."

त्याने मूठ आईच्या हातातून सोडवून घेतली आणि तिच्या पदरात नेली.

"मावशीनं धरलं," तो म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. त्या अंगणात तेवढं एकच वाक्य खरं होतं, आणि त्याच्यापुढे माझ्याकडे काही नव्हतं. मी दर्शनाकडे पाहिलं. ती त्याच्या उघड्या डोक्यावरून हात फिरवत होती, न विचारता, आणि तो फिरवू देत होता.

"हो रे माझ्या राजा," ती म्हणाली. "मावशीनंच धरलं."

त्याने मान हलवली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.